ताटात ठेवण्यापासून घास गिळण्यापर्यंत: संवेदी अडचणी असलेल्या मुलांना नवे पदार्थ कसे द्यावेत

दोन ते सहा वर्षांच्या दरम्यान बहुतेक मुले अनोळखी पदार्थ पाहून तोंड फिरवतात आणि पुढे शाळेत, मित्रांच्या संगतीत ही सवय बरीचशी सुटते. काही मुलांच्या बाबतीत मात्र ती सुटत नाही, उलट खाण्याची यादी वर्षागणिक आखडत जाते. पोह्यांत मोहरीचा दाणा दाताखाली आला की त्यांना ओकारी येते, दुधावर सायीचा तुकडा तरंगताना दिसला की पेला दूर सारला जातो, मेथी निवडली जात असताना ती स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाहीत आणि भाजीचा रस पोळीला लागला म्हणून सगळे ताट परत पाठवतात. ऑटिझम किंवा एडीएचडी (लक्ष टिकवण्यातील अडचण आणि अतिचंचलता) असलेल्या, अपुऱ्या दिवसांच्या, तसेच तान्हेपणी बराच काळ नळीने दूध घ्यावे लागलेल्या मुलांमध्ये हे अधिक दिसते. पण कोणतेही निदान नसलेल्या मुलांतही ते आढळते. चव, वास, स्पर्श यांसारख्या संवेदना फार तीव्र किंवा फार कमी जाणवणे म्हणजेच संवेदी अडचण. अशा मुलांच्या पालकांसाठी पुढील पायऱ्या दिल्या आहेत. त्यांमागचे सूत्र एकच आहे: जेवायला बसताना मुलाला सुरक्षित वाटल्याखेरीज त्याच्या यादीत एकही पदार्थ कायमचा वाढत नाही.

नकार कुठून येतो

अमेरिकन व्यवसायोपचारतज्ज्ञ (ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजच्या क्रिया जमाव्यात म्हणून उपचार देणाऱ्या) जीन आयर्स यांनी १९७० च्या दशकात अशी मांडणी केली की, इंद्रियांकडून आलेली माहिती मेंदू कशी जुळवतो यावर मुलाचे बरेचसे वागणे अवलंबून असते. खाण्याच्या बाबतीत हे फार ठळकपणे दिसते, कारण एका घासात चव, वास, रंग, स्पर्श, तापमान आणि चावताना होणारा आवाज हे सगळे एकाच वेळी येऊन आदळते. ज्या मुलाच्या मेंदूला यांतील एखादी संवेदना कितीतरी पट तीव्र जाणवते, त्याला भेंडीचा बुळबुळीतपणा आपल्यासारखा केवळ नावडता वाटत नाही, असह्य वाटतो. याच्या उलट, काही मुलांना तोंडातील संवेदना कमी जाणवतात. ती तोंडात घास कोंबतात, लिंबू, चिंच आणि लोणचे मागतात, आणि बेचव मऊ पदार्थ त्यांना तोंडात असल्याचेही नीट कळत नाही. भूक आणि पोट भरल्याची जाणीव हीदेखील शरीराच्या आतून येणारी एक संवेदना आहे आणि या मुलांपैकी अनेकांना ती अंधुकच जाणवते.

म्हणूनच ‘उपाशी ठेवा, भूक लागली की आपोआप खाईल’ हा सल्ला येथे धोक्याचा ठरतो. संवेदी अडचण तीव्र असलेले मूल खरोखरच उपाशी राहते, वजन उतरते, आणि भीतीमुळे उरलीसुरली भूकही मरते.

पुड्यातील बिस्किटे या मुलांना का आवडतात, याचे उत्तरही येथेच आहे. ठरावीक कंपनीचे बिस्कीट दर वेळी त्याच रंगाचे, त्याच जाडीचे आणि त्याच कुरकुरीतपणाचे असते. टोमॅटो एक दिवस आंबट असतो, दुसऱ्या दिवशी पिठूळ, तिसऱ्या दिवशी पाणचट. आपल्या घरचा स्वयंपाक तर मिश्र पोताचा राजाच म्हणावा लागेल: उपम्यात मऊ रव्यामध्ये कढीपत्ता आणि उडदाची डाळ, कोशिंबिरीत दह्यामध्ये कचकचीत काकडी, आमटीत मिरचीचा तुकडा आणि कोथिंबिरीचा देठ. जिभेला एकाच वेळी दोन पोत हाताळावे लागणे हे खाण्यातील सर्वांत अवघड कौशल्यांपैकी एक आहे, आणि आपण ते सकाळच्या नाश्त्यापासूनच मागत असतो.

पहिली पायरी: डॉक्टरांकडे तपासणी

घरी काहीही सुरू करण्याआधी बालरोगतज्ज्ञांना भेटावे. बद्धकोष्ठता असेल तर भूक लागत नाही. पोटातील आम्ल वर येत असेल तर गिळणे वेदनेशी जोडले जाते. किडलेला दात, वाढलेले टॉन्सिल, एखाद्या पदार्थाची ॲलर्जी यांपैकी काहीही नकाराच्या मुळाशी असू शकते. आपल्या देशात रक्तक्षय इतका सर्वत्र आहे की, २०१९ ते २०२१ या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६७ टक्के मुलांमध्ये तो आढळला. लोहाची कमतरता स्वतःच भूक मंदावते, त्यामुळे मोजकेच खाणाऱ्या मुलाचे हिमोग्लोबिन आणि लोहाचा साठा तपासून घेणे आवश्यक आहे. माती, खडू, भिंतीचे पोपडे खाणाऱ्या मुलाच्या बाबतीत तर ही तपासणी टाळूच नये.

याच भेटीत दुधाचा हिशेब करावा. दिवसाला अर्ध्या लिटरहून अधिक दूध पिणाऱ्या मुलाचे पोट दुधानेच भरते आणि दुधात लोह जवळजवळ नसते. चहा-बिस्किटाची सवय असेल तर चहा जेवणापासून दूर न्यावा आणि शक्य तर बंद करावा, कारण चहातील टॅनिन या तुरट घटकामुळे अन्नातील लोह कमी शोषले जाते. मात्र दूध एकाएकी तोडू नये. ज्या मुलाचे निम्मे पोषण दुधावर आहे, त्याचे दूध आठवड्या-आठवड्याने थोडे थोडे कमी करावे.

वजन कमी होणे किंवा महिनोन्‌महिने न वाढणे, गिळताना खोकला येणे, खाल्ल्यावर आवाज ओला वा घरघरता होणे, वारंवार उलटी, वारंवार न्यूमोनिया, पाय दुखतात म्हणून चालायला नकार, हिरड्यांतून रक्त, अंधारात कमी दिसणे ही लक्षणे असतील तर घरचे प्रयोग थांबवून लगेच वैद्यकीय सल्ला घ्यावा. शेवटची तीन लक्षणे क आणि अ जीवनसत्त्वांच्या तीव्र कमतरतेची असू शकतात. केवळ बिस्किटे, वेफर आणि दूध यांवर राहणाऱ्या मुलांना आजच्या काळातही स्कर्व्ही (क जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा आजार) झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत, आणि पाय दुखण्याचे कारण शोधताना मूल काय खाते हा प्रश्नच कोणी विचारला नाही, असेही त्यांत आढळते. खाण्यावरील इतक्या टोकाच्या निर्बंधाला आज स्वतंत्र निदान आहे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली आपल्या निदानपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत ‘आर्फिड’ या नावाने त्याचा समावेश केला. वजनाची चिंता किंवा शरीराच्या आकाराचा विचार त्यात नसतो. पोत, वास, गिळण्याची भीती किंवा खाण्यातील रसच नसणे यांमुळे मूल अन्न टाळते.

खासगी उपचार परवडणारे नसतील त्यांनी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची चौकशी करावी. २०१३ पासून चालू असलेल्या या कार्यक्रमात अंगणवाडी आणि शासकीय शाळांमधून मुलांची तपासणी होते आणि पुढील उपचारासाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते. खाण्याच्या प्रश्नासाठी ऑक्युपेशनल थेरपिस्ट, गिळण्या-चावण्याच्या कौशल्यासाठी स्पीच थेरपिस्ट आणि पोषणासाठी आहारतज्ज्ञ अशी तिघांची मदत लागू शकते. एकच निवडता येत असेल तर, माझ्या मते, मूल चावते आणि गिळते कसे हे प्रत्यक्ष पाहणाऱ्या तज्ज्ञाकडे आधी जावे.

दुसरी पायरी: वही ठेवणे

एक वही घ्यावी आणि तीन याद्या कराव्यात: मूल नेहमी खाते ते पदार्थ, कधीतरी खाते ते पदार्थ, आणि पूर्वी खात असे पण आता सोडले ते पदार्थ. अनेक थेरपिस्ट ठोकताळा म्हणून असे मानतात की पहिल्या यादीत २० पेक्षा कमी पदार्थ असतील आणि सोडलेले पदार्थ परत येत नसतील, तर तज्ज्ञांची मदत घ्यायलाच हवी.

यादीत केवळ ‘बटाटा’ असे लिहू नये. काचऱ्या की उकडलेला, सालीसकट की सोललेला, गरम की गार, हळद घातलेला की पांढरा, कोणाच्या हातचा, कोणत्या ताटलीत, कोणत्या कंपनीचा, हे सगळे लिहावे. एक-दोन आठवड्यांत वहीतून एक आकृती दिसू लागते. समजा, एखाद्या मुलीच्या पहिल्या यादीत बटाट्याच्या काचऱ्या, कुरमुरे, भाजलेला पापड, पोळीची कडा आणि टोस्ट आहे. वरवर पाहता हे पाच वेगवेगळे पदार्थ आहेत. नीट पाहिले तर सगळे कोरडे, कुरकुरीत आणि फिकट किंवा सोनेरी रंगाचे आहेत. या मुलीला मऊ पालकाची भाजी देऊन काहीही साधणार नाही. तिची पुढची पायरी कुरकुरीतच असली पाहिजे. दुसऱ्या एखाद्या मुलाच्या यादीत मऊभात, केळे, दही आणि शिरा असेल. त्याला कदाचित चावण्याचेच कष्ट पडत असतील, आणि मग प्रश्न आवडीचा नसून जबड्याच्या ताकदीचा व जीभ बाजूला नेण्याच्या कौशल्याचा असतो.

तिसरी पायरी: जागा, वेळ आणि आवाज

पाय लोंबकळत असतील तर मुलाच्या शरीराची बरीच शक्ती तोल सांभाळण्यातच जाते. खुर्चीवर बसणाऱ्या मुलाच्या पावलांखाली पाट किंवा जाड पुस्तकांचा गठ्ठा ठेवावा; कंबर, गुडघे आणि घोटे साधारण काटकोनात यावेत. जमिनीवर मांडी घालून बसण्याची घरची पद्धत असेल आणि मूल सारखे कलंडत असेल, तर पाठ भिंतीला टेकेल अशी जागा द्यावी आणि ताट चौरंगावर ठेवावे.

जेवणाच्या वेळी मिक्सर, कुकरची शिट्टी, टीव्ही आणि स्टीलच्या भांड्यांचा खणखणाट टाळावा. फोडणीचा ठसका बसलेला असेल तर मुलाला आधी दुसऱ्या खोलीत बसवून हवा खेळती झाल्यावर बोलवावे. वासाचा त्रास असलेल्या मुलांना पदार्थ गरम देण्यापेक्षा कोमट किंवा गार द्यावा, कारण गार अन्नाचा वास कमी पसरतो. स्टीलच्या चमच्याचा थंड, धातूसारखा स्पर्श न सोसणाऱ्या मुलांना लाकडी किंवा सिलिकॉनचा चमचा चालतो.

जेवण आणि खाऊ मिळून दिवसातून पाच-सहा वेळा, दोन वेळांमध्ये अडीच-तीन तासांचे अंतर, आणि मधल्या काळात फक्त पाणी, असे वेळापत्रक ठेवावे. येता-जाता हातात मिळणाऱ्या बिस्किटांमुळे मुलाला भूक म्हणजे काय हे कधी जाणवतच नाही. एका जेवणाला वीस ते तीस मिनिटे पुरेशी आहेत. मोबाइलवर गाणी लावून नकळत घास भरवण्याची सवय असेल तर ती हळूहळू सोडवावी. दिवसातील एकच, सर्वांत सोपी वेळ आधी निवडावी, बहुधा संध्याकाळचा खाऊ. पडद्याकडे पाहत गिळलेला घास पोटात जातो खरा, पण मूल त्या पदार्थाशी ओळख करून घेत नाही.

चौथी पायरी: ताट कसे वाढावे

अमेरिकन आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी जबाबदारीची जी विभागणी सांगितली आहे ती येथे फार उपयोगी पडते: काय, केव्हा आणि कुठे द्यायचे हे मोठ्यांनी ठरवावे, खायचे की नाही आणि किती, हे मुलाने ठरवावे. मात्र संवेदी अडचणी असलेल्या मुलासाठी त्याला एक जोड द्यावी लागते. प्रत्येक ताटात मूल नक्की खाईल असा किमान एक पदार्थ असलाच पाहिजे. त्या एका पदार्थाच्या आधारावर मूल ताटासमोर बसून राहते, आणि बसून राहिले तरच बाकीचे शक्य होते.

नवा पदार्थ मटाराच्या दाण्याएवढा वाढावा. वाटीभर उसळ पाहूनच मूल घाबरते. एका दाण्याचे तसे नसते. पदार्थ एकमेकांना लागू नयेत म्हणून खणांचे ताट वापरावे किंवा वेगवेगळ्या लहान वाट्या द्याव्यात. ताटात नवा पदार्थ सोसत नसेल तर तो शेजारी, वेगळ्या बशीत ठेवावा, आणि त्याला आपण ‘ओळखीची बशी’ असे काहीतरी नाव द्यावे. त्या बशीतले खायचे नसते, ती फक्त तिथे असते, हे मुलाला स्पष्ट सांगावे आणि तो शब्द पाळावा.

पाचवी पायरी: साखळी जोडणे

सगळ्या मार्गांमध्ये हा मला सर्वाधिक भरवशाचा वाटतो. मूल आज जे खाते तेथून सुरुवात करून, एका वेळी एकच गुणधर्म बदलत पुढे जायचे: आकार किंवा रंग किंवा चव किंवा पोत, दोन गोष्टी एकदम कधीच नाहीत.

काचऱ्या खाणाऱ्या मुलीचेच उदाहरण घेऊ. पहिल्या टप्प्यात बटाटा तोच, तवा तोच, तेल-मीठ तेच. फक्त चकती किंचित जाड कापावी. ती सहज खाऊ लागली की काही चकत्या अर्धगोल कराव्यात. त्यानंतर चिमूटभर हळद, इतकी की रंग जेमतेम बदलावा. मग त्याच जाडीचा, तितकाच खरपूस केलेला रताळ्याचा एक काप ओळखीच्या बशीत येतो. येथे पोत आणि आकार ओळखीचा आहे, रंगही जवळपास जुळतो, चव तेवढी गोड झाली. रताळे जमले की कच्च्या केळ्याचे काप, पुढे कोकमाच्या पाण्यात उकळून खाज घालवलेल्या सुरणाचे काप, आणि त्याही पुढे रव्यात घोळवून तळलेले वांग्याचे पातळ काप. वांग्यापाशी सावध राहावे. बाहेरून कुरकुरीत आणि आतून लिबलिबीत असा तो मिश्र पोत आहे, त्यामुळे सुरुवातीला काप इतका पातळ असावा की आत मऊ भाग उरूच नये. ही साखळी काही महिन्यांची आहे. एखाद्या कडीपाशी मूल अडले तर दोन कड्या मागे जाऊन पुन्हा यावे.

मऊ पदार्थांवर राहणाऱ्या मुलाची साखळी वेगळी असते. तूप-मीठ घातलेल्या मऊभातावर मेतकूट भुरभुरावे, पण मुलाच्या डोळ्यांदेखत आणि भाताच्या एका कोपऱ्यात. ते चालू लागले की मुगाचे घोटलेले वरण स्वतंत्र वाटीत द्यावे, नंतर मूल स्वतः चमचाभर वरण भातावर ओतेल असे पाहावे, आणि शेवटी गुरगुट्या खिचडी. मिक्सरमधून काढलेलेच अन्न घेणाऱ्या मुलाच्या बाबतीत सर्वांत मोठी चूक अशी होते की गुळगुळीत अन्नात अचानक गुठळ्या ठेवल्या जातात. तो मिश्र पोत झाला आणि मूल तेथेच घास थुंकते. त्याऐवजी सगळेच अन्न आधी थोडे घट्ट करावे, मग मिक्सरऐवजी रवीने घोटावे, मग काट्याने कुस्करावे. चावण्याची सुरुवात लाळेत विरघळणाऱ्या पदार्थांनी करावी, उदाहरणार्थ कुरमुरा किंवा राजगिऱ्याची लाही. तुकडा जिभेच्या मधोमध न ठेवता बाजूला, दाढांवर ठेवावा.

कुरकुरीत आवडणाऱ्यांसाठी कुरमुऱ्यांपासून ज्वारीच्या लाह्या, भाजलेले मखाणे आणि कडक भाकरीचा पापुद्रा असा मार्ग आहे. घावन खाणाऱ्या मुलाला आंबोळी, मग बेसनाचे धिरडे, मग त्यात किसून पिळून घेतलेला दुधी. दही आवडत असेल तर ताक आणि नंतर गोडसर कढी. प्रत्येक घराने आपल्या वहीतून आपली साखळी काढावी; दुसऱ्या घरची साखळी उसनी चालत नाही.

चार वर्षांखालील मुलांना अख्खे शेंगदाणे, फुटाणे, सुकामेव्याचे तुकडे देऊ नयेत आणि द्राक्षे उभी चार भागांत कापावीत. नीट चावू न शकणाऱ्या मोठ्या मुलालाही हाच नियम लावावा. ओकारी आली की मूल आवाज करते, खोकते, चेहरा लाल होतो. तेव्हा शांत राहून त्याला घास बाहेर काढू द्यावा. घास श्वासनलिकेत अडकला असेल तर मात्र आवाज फुटत नाही आणि ओठ निळसर होतात. तेव्हा करायचे प्रथमोपचार घरातील प्रत्येक मोठ्या माणसाने शिकून घ्यावेत.

सहावी पायरी: डोळ्यांपासून जिभेपर्यंत

पदार्थ खाणे ही शेवटची क्रिया आहे. तिच्याआधी पदार्थ खोलीत असणे, ताटाशेजारी असणे, त्याचा वास सहन होणे, चमच्याने हलवणे, बोटाने स्पर्श करणे, गालाला आणि ओठांना लावणे, जिभेने चाटणे, दाताने तुकडा तोडून बाहेर टाकणे आणि चावून बाहेर टाकणे इतक्या पायऱ्या आहेत. मुलाने यांपैकी एक पायरी चढली तरी तो दिवस कामी आला असे धरावे आणि वहीत तसे लिहावे.

यांतील बऱ्याच पायऱ्या जेवणाच्या वेळेबाहेर, खाण्याची कसलीही अपेक्षा नसताना चढता येतात. मंडईत पिशवीत भोपळी मिरच्या मोजून टाकणे, मटार सोलणे, कणकेच्या गोळ्या करणे, लिंबू पिळणे, गाजराच्या चकत्यांची आगगाडी करणे ही कामे मुलाला द्यावीत. हात ओले किंवा चिकट झालेले न सोसणाऱ्या मुलाशेजारी ओला रुमाल घडी करून ठेवावा आणि हवे तेव्हा हात पुसायची मोकळीक असल्याचे आधीच सांगावे. मूल पहिल्यांदा दर सेकंदाला हात पुसते. काही दिवसांनी दोन गोळ्या करून मग पुसते. रुमाल हाताशी आहे या खात्रीमुळेच त्याचा हात कणकेत अधिक वेळ टिकतो. तोंडाच्या बाबतीतही हेच लागू आहे. घास बाहेर टाकण्यासाठी एक लहान वाटी जवळ ठेवावी. तोंडात घेतलेले गिळलेच पाहिजे ही सक्ती नसेल, तर मूल तोंडात घेण्याचे धाडस करते.

सर्वसामान्य लहान मुलांनाही एखादा नवा पदार्थ पत्करायला साधारण ८ ते १५ वेळा तो समोर यावा लागतो, असे अभ्यासांत दिसले आहे. संवेदी अडचण असलेल्या मुलांना याहून बरेच अधिक प्रसंग लागू शकतात, म्हणून एका आठवड्याच्या नकारावरून पदार्थ बाद करू नये.

बोलावे काय आणि टाळावे काय

‘एक घास आजीचा, एक घास काऊचा’ हे प्रेमाने म्हटलेले असले तरी पोट भरलेल्या किंवा घाबरलेल्या मुलासाठी तो आग्रहच असतो. ‘छान आहे, खाऊन तर बघ’ यापेक्षा पदार्थाची माहिती सांगावी: हे गार आहे, चावल्यावर कुर्रकन आवाज होतो, आत बिया नाहीत, जरा आंबट लागेल. अनपेक्षित गोष्टीची भीती असलेल्या मुलाला अशा माहितीचा खरा आधार होतो. खाल्ल्यावर टाळ्या वाजवून कौतुक करणेही टाळावे, कारण काही मुले सगळ्यांच्या नजरा वळल्या म्हणूनच पुढचा घास घेत नाहीत.

‘भाजी संपव, मग चॉकलेट’ हा सौदा करू नये. बक्षिसासाठी खाल्लेल्या पदार्थाची आवड कमी होते आणि बक्षिसाची वाढते, हे १९८० च्या दशकापासूनच्या प्रयोगांत दिसून आले आहे. गोड द्यायचे असेल तर ते जेवणासोबतच, थोडेसे, बिनशर्त वाढावे.

आवडत्या पदार्थात भाजी लपवण्याबद्दल माझे मत स्पष्ट आहे: या मुलांच्या बाबतीत ते करू नये. त्यांची जीभ इतकी तीक्ष्ण असते की आपल्याला जाणवणारही नाही असा फरक त्यांना कळतो, आणि मग नवा पदार्थ तर जातोच, पण ज्यावर मूल जगत होते ती पोळी किंवा ते दूधही कायमचे सुटते. लोहाचे किंवा जीवनसत्त्वांचे औषधही याच कारणासाठी आवडत्या दुधात मिसळू नये. ते वेगळे, ‘औषध’ म्हणून, ठरलेल्या वेळी द्यावे. बीट घालून पोळ्या करायच्याच असतील तर मुलासमोर कणीक भिजवावी आणि शेजारी नेहमीची पोळीही ठेवावी.

घरची वडीलधारी माणसे आणि शाळेचा डबा

पानात टाकू नये हा संस्कार आपल्याकडे खोल रुजलेला आहे आणि तो चांगलाही आहे. म्हणूनच मटाराएवढे वाढणे घरातील सर्वांना पटते. तेवढे उरले तर आई-बाबा आपल्या ताटात घेऊ शकतात. आजी-आजोबांना जेवणाच्या वेळी समजावत बसू नये. मूल झोपल्यावर वही दाखवावी, कोणत्या पायऱ्या चढल्या ते सांगावे आणि त्यांना एखादे ठरावीक काम द्यावे, जसे की रोज संध्याकाळी नातवासोबत शेंगा किंवा मटार सोलणे. मुलाच्या देखत ‘हा काहीच खात नाही’ असे पाहुण्यांना सांगणे मात्र सगळ्यांनीच बंद करावे. लग्नाच्या पंगतीला किंवा सणाला जाताना मुलाचा डबा सोबत न्यावा आणि यजमानांना आधीच फोन करून तसे कळवावे.

शाळेच्या डब्यात प्रयोग करू नयेत. वर्गातला गोंगाट, शेजारच्या डब्यांचे वास आणि पंधरा-वीस मिनिटांची घाई यांत मूल ओळखीचे खाईल एवढेच पुरे आहे. ‘फक्त पोळी-भाजी आणावी’ किंवा ‘डबा संपवल्याशिवाय उठायचे नाही’ असे शाळेचे नियम असतील, तर वर्गशिक्षिकांना भेटून लेखी विनंती द्यावी आणि सोबत डॉक्टरांची किंवा थेरपिस्टची चिठ्ठी जोडावी. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे आणि शाळेने अशा मुलांसाठी वाजवी सोयी कराव्यात असे त्यात म्हटले आहे. डब्याची सवलत मागताना याचा आधार घेता येतो.

यादी पुन्हा आखडू लागली तर

ही मुले एकच पदार्थ रोज, त्याच पद्धतीने, महिनोन्‌महिने खातात आणि एक दिवस तो एकाएकी सोडतात. असा सुटलेला पदार्थ बहुधा परत येत नाही, म्हणून सुटण्याआधीच काळजी घ्यावी लागते. शक्यतो तोच पदार्थ लागोपाठ दोन दिवस अगदी तसाच देऊ नये. आज पोळीचे चौकोनी तुकडे, उद्या गुंडाळी. आज पांढऱ्या ताटलीत, उद्या निळ्या. बिस्कीट आज अख्खे, उद्या अर्धे. बदल इतका लहान असावा की मुलाला तो दिसेल पण खुपणार नाही. बदल अजिबात सोसत नसेल तर केवळ ताटली फिरवून ठेवण्यापासून सुरुवात करावी.

ताप, दात पडणे, घर बदलणे, परीक्षा, घरात नवे बाळ येणे अशा काळात यादी आक्रसणे अपेक्षित आहे. तेव्हा नवे सगळे थांबवून फक्त पहिल्या यादीतील पदार्थ द्यावेत, वेळापत्रक मात्र मोडू देऊ नये, आणि पाणी व लघवीचे प्रमाण यांवर लक्ष ठेवावे. मूल पूर्ववत खेळू लागल्यावर साखळीतील शेवटच्या जमलेल्या कडीपासून नव्हे, तिच्या आधीच्या कडीपासून सुरुवात करावी. आजारपण संपून दोन-तीन आठवडे झाले तरी गेलेले पदार्थ परत आले नाहीत, किंवा मूल काहीच पीतही नसेल, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जावे. पाणीही न पिणाऱ्या मुलाच्या बाबतीत ही भेट त्याच दिवशी घ्यावी.